हरकाम्या फाउलर

१८६० च्या अमेरिकी जनगणनेत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी जॅक्सन आडनावाचं एक कृष्णवर्णीय कुटुंब सापडतं. त्यातला लहानगा जॉन १८७८ मध्ये पुन्हा दिसतो तो वर्तमानपत्रात, 'फाउलर' होऊन. भेटेल त्याला तो 'बड' म्हणे, म्हणून लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं.

त्या काळच्या बेसबॉलच्या गुणतक्त्यात खेळाडूच्या नावाशेजारी त्याच्या जागेचं एखादं अक्षर असे आणि पुढे आकडे. फाउलरची कारकीर्द वाचायची ती या अक्षरांवरून. २४ एप्रिल १८७८ ला तो पिचर आहे. समोर नॅशनल लीगचा विजेता बॉस्टन, आणि २-१ असा सामना फाउलरच्या संघाने जिंकलेला. १८८४ मध्ये मिनेसोटातल्या स्टिलवॉटरकडून तो कधी पिचर, कधी कॅचर, कधी आउटफिल्डर. पुढे सेकंड बेसवर तो स्थिरावला.

नंतरचे लेखक याला अष्टपैलुत्व म्हणतात. ते होतंच. पण मला त्यात पोटाची निकडही दिसते. संघात माणसं मोजकी. कुठलीही जागा सांभाळणारा गडी मालकाला परवडे. गोऱ्यांच्या संघात शिरायचं तर कृष्णवर्णीयाला हरकाम्या होणं भाग होतं.

तरीही निभावलं नाही. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या बिंगहॅम्टनकडून ३४ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .३५० होती. सहकाऱ्यांनीच तार ठोकली: हा असेल तर आम्ही खेळणार नाही. क्लबने त्याला मोकळं केलं, तेही याच लीगमधल्या दुसऱ्या संघाशी करार करायचा नाही या अटीवर. अट वाचताना .३५० हा आकडा शेजारी ठेवावा. नालायक खेळाडू दुसरीकडे जाईल याची धास्ती कोण घेतो? त्याच वर्षी १४ जुलैला लीगने कृष्णवर्णीयांचे नवे करार मंजूर न करण्याचं ठरवलं.

गावं बदलत तो खेळत राहिला. १८९४ मध्ये मिशिगनमधल्या एड्रियनला, तारेची कुंपणं बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने, ग्रँट जॉन्सन या खेळाडूच्या साथीने त्याने 'पेज फेन्स जायंट्स' हा कृष्णवर्णीयांचा संघ उभा केला.

१९१३ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रँकफर्टला वारला. कबरीवर दगड बसला १९८७ मध्ये, बेसबॉलच्या इतिहास-अभ्यासकांनी बसवला तेव्हा. आणि जनगणनेत जॅक्सन म्हणून नोंदलेल्या या मुलाच्या कूपर्सटाउनात, डबलडे या बेसबॉल मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला २०१३ मध्ये नाव दिलं गेलं: फाउलर वे.