पोकेमॉन : सोबत आलेले आणि मागे राहिलेले

१/ पोकेमॉन मालिकेतील भागांची तुलना बहुधा चित्रे, नकाशे आणि नव्या जीवांची संख्या यांवरून होते. इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी कसोटी वेगळी आहे : जुन्या भागात जमवलेला जीव नव्या भागात नेता येतो का?

२/ सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून तिच्यातून किडे ये-जा करीत असल्याची कल्पना त्यांना सुचली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ प्रसिद्ध झाले. काही जीव केवळ एकात, काही केवळ दुसऱ्यात. म्हणून संग्रह पूर्ण करण्यासाठी देवघेव अटळ होती.

३/ १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ने जीवांची संख्या २५१ वर नेली, खेळात दिवस-रात्र आणली. तरीही जुन्या भागांशी देवघेव चालू राहिली आणि पहिल्या भागांतील कांतो प्रदेशही पुन्हा हिंडता आला.

४/ २००२ मध्ये साखळी तुटली. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरील ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये १३५ नवे जीव आले, पण माहिती साठवण्याची पद्धत बदलल्याने जुन्या संग्रहाला दार बंद झाले. २००४ च्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’मध्ये जुन्या जाती परतल्या, मुलांनी स्वतः पकडून नावे ठेवलेले जीव मात्र परतले नाहीत. ते ज्या कार्ट्रिजमध्ये होते, तिची नोंद एका छोट्या बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली की संग्रह पुसला जाई.

५/ २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ने इंटरनेटवरून परदेशी खेळाडूंशी देवघेव शक्य केली. ‘रूबी’च्या पिढीतील जीव तेथे आणता येत, परत नेता येत नसत.

६/ २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ने उलट वाट धरली. मुख्य कथा संपेपर्यंत केवळ १५६ नवे जीव भेटत. जुन्या खेळाडूलाही पुन्हा नवखे व्हावे लागले.

७/ २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये मात्र कित्येक जुन्या जातींना प्रवेशच नव्हता. जीवांच्या हालचालींचा दर्जा आणि लढतींचा समतोल ही कारणे निर्मात्यांनी दिली. चाहत्यांनी तीव्र निषेध केला. २००२ ची अडचण तांत्रिक होती. २०१९ मध्ये कोण येणार, कोण राहणार, हे ठरवून निवडले गेले होते.

८/ वर्षानुवर्षे जपलेला सोबती पुढच्या प्रवासात नेता येईल, हा विश्वास या मालिकेनेच केबलच्या रूपाने मुलांना दिला होता. त्या रोषाचे मूळ तेथे आहे. तुमचा पहिला भाग कोणता, आणि त्यातला कोणता सोबती आजही तुमच्याजवळ आहे?