माणिक-काच : सोन्याची लाली आणि भट्टीचे ज्ञान

सोन्याच्या योगाने काचेला माणकासारखा लाल रंग आणण्याची विद्या युरोपातील काचकारांना सतराव्या शतकात साधली. तो रंग का येतो, याचा उलगडा होण्यास मात्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. ब्रांडेनबुर्गचा अधिपती फ्रीडरिख विल्हेल्म याच्या पदरी असलेला रसायनज्ञ योहान कुंकेल याला १६८५ मध्ये पॉट्सडॅमजवळचे, आज मयूरद्वीप म्हणून ओळखले जाणारे बेट मिळाले व तेथे त्याने काचेची भट्टी उभारली. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवलेले सोने अगदी अल्प प्रमाणात काचेच्या रसात मिसळले, तरी निवलेली काच प्रथम जवळजवळ रंगहीन दिसते. ती पुन्हा बेताच्या आचेवर तापवली की लाली चढते, पण आच वाढली तर काच तपकिरी व गढूळ होऊन सारी मेहनत वाया जाते. दुसऱ्यांदा तापवताना सोन्याचे विखुरलेले अणू एकत्र येऊन नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापात मोजावे लागणारे कण, तयार होतात. काचकाराला कण ठाऊक नव्हते, परंतु त्यांची वाढ नेमकी कोठे थांबवावी हे त्याला उत्तम कळत होते.

मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्यापासून केलेल्या लाल द्रवांवर प्रयोग करून ही लाली अतिसूक्ष्म धातुरूप सोन्याचीच असल्याचे मत मांडले, आणि १९०८ मध्ये गुस्टाव मी यांनी त्याचे गणित सिद्ध केले. प्रकाश पडताच कणातील मुक्त इलेक्ट्रॉन एकसाथ आंदोलित होतात. हिरव्या प्रकाशाशी, सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीशी, त्यांचा मेळ बसतो, त्यामुळे त्या प्रकाशाची ऊर्जा तरंगलांबीहून कितीतरी लहान जागेत, कणाच्या पृष्ठभागालगत एकवटून शोषली जाते आणि लाल प्रकाश पार जातो. कण मोठे असल्यास शोषणाबरोबर प्रकीर्णनही, म्हणजे प्रकाश चहूकडे विखुरणेही, वाढते. ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातील रोमन लायकर्गस चषक समोरून उजेड पडला असता हिरवा आणि आतून उजेड आला असता लाल दिसतो, तो त्यातील चांदी-सोन्याच्या अशा कणांमुळेच.

सूक्ष्मकणांवरील संशोधनासाठी १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे रिचर्ड त्सिगमोंडी हे पूर्वी येना येथील काच कारखान्यात नोकरीस होते. म्हणूनच धातूचे सूक्ष्मकण आणि प्रकाश यांच्या शास्त्राचा इतिहास गुस्टाव मी यांच्या समीकरणांपासून नव्हे, तर काचेच्या भट्टीपासूनच सुरू केला पाहिजे.