अर्ध्या इंजिनाची गाडी

अमेरिकन मोटारींविषयी लिहिताना कॉम्पॅक्ट गाडी आणि मसल कार यांना एकमेकींच्या विरुद्ध उभे करण्याची रीत आहे: एक काटकसरी कुटुंबाची, दुसरी वेगाच्या वेडाची. मला ही विभागणी मुळातच चुकीची वाटते. मसल कार कॉम्पॅक्टच्याच पोटी जन्मली आणि पॉन्टिॲक टेम्पेस्ट हा त्याचा ठसठशीत पुरावा आहे. १९५८च्या मंदीत रॅम्बलर, फोक्सवॅगन बीटल यांसारख्या लहान गाड्यांनी गिऱ्हाईक ओढले, तेव्हा डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनाही लहान गाड्या काढणे भाग पडले. १९६१ची टेम्पेस्ट त्यांतलीच. तिच्यासाठी वेगळे इंजिन घडवण्याचा खर्च टाळायला पॉन्टिॲकने आपल्या ३८९ घन इंचांच्या व्ही-८ इंजिनाची एकच बाजू ठेवली. आठांपैकी चार सिलिंडर, १९४.५ घन इंच! गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेला आणि इंजिनापासून तिथवर किंचित खाली झुकलेला बारीक पोलादी शाफ्ट टाकला, त्यामुळे गाडीच्या तळाचा मधला उंचवटा कमी झाला. तीनच वर्षांनी, १९६४मध्ये, याच नावाच्या गाडीत ते ३८९चे इंजिन सबंध बसले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन नको, असा पॉन्टिॲकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे मॉडेल न काढता सुमारे २९५ डॉलरचा जादा पर्याय म्हणून ते देऊ केले आणि वाट काढली. जीटीओ नावाची ही ३२५ अश्वशक्तीची मसल कार पहिल्याच वर्षी ३२,०००वर खपली.

यावर जाणकार म्हणतील की १९६४ची टेम्पेस्ट कॉम्पॅक्ट उरलीच नव्हती. खरे आहे, ती लांबली होती, सांगाडाही नवा होता. पण मग १९७०ची प्लिमथ डस्टर ३४० घ्या. तिचा दर्शनी पत्रासुद्धा व्हॅलियंट या साध्या कॉम्पॅक्टचा, आणि बॉनेटखाली २७५ अश्वशक्ती. वेगवान गाड्या आधीही होत्या, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९५५ची क्रायस्लर ३०० तीनशे अश्वशक्तीची होती. मात्र तिला चार हजारांवर डॉलर मोजावे लागत. तो वेग बेताच्या पगाराच्या तरुणाला परवडला, तो स्वस्त, हलक्या गाडीमुळे. मसल कारचे खरे वेगळेपण मला तिथे दिसते.

सत्तरच्या दशकात विम्याचे हप्ते चढले, धुराविषयीचे कायदे कडक झाले, १९७३मध्ये तेल महागले. मूळ मालिकेतली शेवटची, १९७४ची जीटीओ व्हेंचुरा या कॉम्पॅक्टवर बेतलेली होती, २०० अश्वशक्तीची. संग्राहक तिला कमअस्सल म्हणून बाजूला सारतात. त्यांनी १९६१ची टेम्पेस्ट आठवावी. या घराण्याचे मूळ तेच आहे.