मधुमेह आणि दृष्टीचा चकवा



रात्री रानात वाट चुकलेल्या माणसास 'चकवा लागला' असे आपल्याकडे म्हणतात. तो चालत राहतो, आपण घराकडेच निघालो आहो अशी त्याची पक्की खात्री असते, आणि उजाडल्यावर पाहतो तो ज्या बांधावरून निघाला त्याच बांधावर उभा! आज मी ज्या विषयावर आपणांशी बोलावयाचे योजिले आहे तो विषय वैद्यकाचा खरा. परंतु माझ्यापुरता त्याचा आरंभ अशा चकव्यानेच झाला. मी वैद्य नव्हे. मुलांना इतिहास आणि अंकगणित शिकवून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक शाळामास्तर. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. तथापि एखादी समजूत कशी जन्मली, कशी बदलली आणि अखेर कोठे येऊन ठेपली, याचा माग काढणे ही इतिहासाच्या मास्तराची खोडच असते. त्या खोडीच्या बळावर मी हे धाडस करीत आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे माझे गाव. आमच्या ओट्यावर बसले म्हणजे त्वरितादेवीची टेकडी दिसते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ते देऊळ मला अंधुक दिसू लागले. हवेत दमटपणा असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. कारण त्याच सुमारास एक नवल घडले होते. वीस वर्षे चाळिशीवाचून मला छापील ओळ लागत नसे. आता वर्तमानपत्र मी चष्म्याशिवाय घडाघडा वाचू लागलो! शेजारी म्हणाले, "मास्तर, तुमचे डोळे पुन्हा तरुण झाले." मी त्याचे श्रेय पहाटेच्या गार पाण्याच्या हबक्यांना देऊन मोकळा झालो. तहान फार लागे, रात्री तीनतीनदा उठावे लागे, सदरे ढिले होऊ लागले होते; पण त्या नवलापुढे या तक्रारींना कोण विचारतो?

अखेर मुलाने बळेच तपासणीस नेले. उपाशीपोटी रक्तातील साखर 310 निघाली. गोळ्या सुरू झाल्या, गूळ-साखर बंद झाली, भाताचे माप ठरले. दहा दिवसांत तहान शमली, झोप लागू लागली; आणि त्याच दहा दिवसांत डोळ्यांपुढील अक्षरे पार विरघळून गेली. जुनी चाळिशी चढवूनही ओळ लागेना. मी अनुमान बांधले: रोगाने दृष्टी दिली होती, औषधाने ती नेली. घरात कोणास न सांगता गोळ्या बंद केल्या. बारा दिवसांनी पाहतो तो अक्षरे पुन्हा उमटू लागलेली! याहून धडधडीत पुरावा तो कोणता? गोळ्या घेतल्या तेव्हा दिसेनासे झाले, सोडल्या तेव्हा दिसू लागले. वर्गात मुलांना कार्यकारणभाव समजावून सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मास्तरास चकवा लागला तो असा.

या चकव्यातून बाहेर पडण्याची वाट शेकडो वर्षांच्या शोधांतून तयार झाली आहे. तीच आज आपणांस दाखवावयाची आहे.

मधुमेह हा रोग आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. चरक आणि सुश्रुत या दोघांच्या संहितांत प्रमेहाचे 20 प्रकार सांगितले आहेत: कफाचे 10, पित्ताचे 6 आणि वाताचे 4. मधुमेह हा त्यांतील शेवटच्या चारांपैकी एक. सुश्रुताने तर जन्मतःच येणारा आणि अपथ्याने जडणारा असे दोन भेद केले असून पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, हेही नोंदविले आहे. आजच्या विभागणीशी हे किती जवळचे आहे, ते सांगावयास नकोच. ग्रीक वैद्य अरीटियस याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या रोगाचे वर्णन केले. शरीरातून पाणी आरपार वाहून जाते, या अर्थाचे त्याचे नाव पुढे अरबी-फारसीतून फिरत हकीमांच्या तोंडी 'जियाबेतुस' झाले. 1948 पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता व सरकारदरबारची भाषा उर्दू होती. त्यामुळे एकाच रोगासाठी वैद्यांचा 'मधुमेह' आणि हकीमांचा 'जियाबेतुस' असे दोन्ही शब्द या मुलखात नांदले. आता खेड्यातही 'शुगर निघाली' असेच म्हणतात.

सुश्रुतास नेत्ररोगांचेही ज्ञान मोठे होते. त्याने 76 नेत्ररोग वर्णिले आणि मोतीबिंदू सुईने बाजूस सारण्याची शस्त्रक्रिया सांगितली. परंतु लघवीतील गोडी आणि डोळ्यातील धूसरपणा यांना जोडणारा धागा हाती यावयास फार काळ जावा लागला. तो धागा दोन टोकांकडून विणला गेला.

पहिले टोक साखरेचे. इंग्लंडातील लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी 1776 साली रोग्याची लघवी आटवून तिच्यातून साखरेसारखा पदार्थ वेगळा काढला, व रोग्याच्या रक्तद्रवासही गोडी असते हे दाखविले. रोग केवळ मूत्रमार्गाचा नसून साखर सर्वांगात रक्ताबरोबर फिरते, हे त्यावरून स्पष्ट झाले. ती जर सर्वांगात फिरते, तर डोळा तरी तिच्यापासून अलिप्त कसा राहणार?

दुसरे टोक डोळ्याचे. जवळचे व दूरचे असे दोन्ही डोळा कसे पाहतो, हा त्या काळी मोठा वाद होता. बुबुळावरील पारदर्शक काच वाकते, की सबंध डोळा लांब होतो, की आतील भिंग आकार बदलते? थॉमस यंग या इंग्रज पंडिताने स्वतःच्या डोळ्यावर पाणी धरून पुढील काचेचा परिणाम नाहीसा केला, आणि तरीही जवळ-दूर पाहण्याची शक्ती शिल्लक राहते असे दाखवून दिले. हा बदल भिंगाचा, असा त्याचा 1801 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातील निष्कर्ष होता. म्हणजे डोळ्यातील भिंग हा काचेचा निर्जीव तुकडा नव्हे. त्यात थोडा जरी फेर पडला, तरी चष्म्याचा नंबर बदलणार.

ही दोन टोके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळ आली. बर्लिनचे नेत्रवैद्य यूलियस हिर्शबर्ग यांनी मधुमेहाने येणाऱ्या ऱ्हस्वदृष्टीकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधले. उतारवयात एखाद्यास अचानक दूरचे अंधुक दिसू लागले, तर मधुमेहाची शंका घ्यावी, असा त्याचा अर्थ होता. माझ्या टेकडीवरील देऊळ जेव्हा अंधुक झाले आणि चाळिशी जेव्हा अनावश्यक ठरली, तेव्हा मला हीच ऱ्हस्वदृष्टी आली होती. जिला मी तारुण्य समजलो, ती रोगाची वर्दी होती.

परंतु त्या काळी वर्दी मिळून तरी उपयोग काय? औषध नव्हते. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. 1908 ते 1914 अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढताना त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. मधुमेहावर तेव्हा पथ्याखेरीज दुसरा आधार नव्हता. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य वारले, आणि पुढे दीड वर्षाच्या आतच, 11 जानेवारी 1922 रोजी, कॅनडातील टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. ती पहिली सुई नीट लागू पडली नाही. औषध अधिक शुद्ध करून 23 जानेवारीस पुन्हा दिले, तेव्हा साखर उतरली आणि मुलगा वाचला. बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या त्या कार्याने मृत्यूच्या दाराशी गेलेली मुले माघारी आली.

आपल्या विषयाचे खरे वळण येथे आहे. उपासाच्या पथ्याने जी साखर रेंगाळत उतरत असे, ती आता काही दिवसांत उतरू लागली. आणि प्राण वाचल्याचा आनंद करणाऱ्या रोग्यांना पुस्तक वाचता येईना. आपली दृष्टी औषधाने नेली, असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा? स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर या ब्रिटिश नेत्रवैद्याने 1925 साली या दृष्टिबदलावर निबंध लिहून त्याचे कारण रक्त आणि भिंग यांच्यामधील पाण्याच्या देवघेवीत शोधले. साखर चढली की बहुधा ऱ्हस्वदृष्टी येते, झपाट्याने उतरली की दीर्घदृष्टी येते, आणि स्थिर झाली की डोळा मूळ पदावर येतो, असे हे चक्र आहे.

पाण्याची ही देवघेव आपल्या गृहिणींना अपरिचित नाही. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते. उलट वाळलेल्या मनुका साध्या पाण्यात टाकल्या की पाणी पिऊन टम्म फुगतात. जेथे विरघळलेला पदार्थ अधिक, तिकडे पाण्याची ओढ. भिंगाची पुढील गाठ ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन या विदुषीने 1959 साली सोडविली. कृत्रिम रीतीने मधुमेह जडविलेल्या उंदरांच्या भिंगात तिला सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ साचलेला आढळला. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या द्रवातून साखर त्यात शिरते, आणि शिरण्यासाठी तिला इन्सुलिनच्या परवान्याची गरज लागत नाही. आत गेलेल्या जादा साखरेचे सॉर्बिटॉल बनते, आणि ते सहजासहजी बाहेर पडत नाही. औषधाने रक्तातील साखर उतरते, परंतु भिंगात साठलेला माल तसाच राहतो. मग पाण्याची ओढ भिंगाकडे लागते आणि प्रकाश वळविण्याची त्याची शक्ती पालटते. यात भिंगाच्या फुगण्याचा वाटा अधिक की त्याच्या अंतरंगातील बदलाचा, यावर पंडितांत मतभेद आहेत. परंतु साठा हळूहळू ओसरला की दृष्टी परत येते, यावर मतभेद नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत यास काही आठवडे पुरतात.

आता माझा 'धडधडीत पुरावा' तपासू. गोळ्या सुरू केल्या तेव्हा साखर उतरली आणि भिंग दीर्घदृष्टीकडे झुकले, म्हणून अक्षरे विरघळली. गोळ्या सोडल्या तेव्हा साखर पुन्हा चढली आणि भिंग ऱ्हस्वदृष्टीकडे परतू लागले, म्हणून अक्षरे उमटली. दोन्ही निरीक्षणे खरी होती; त्यांतून काढलेले अनुमान तेवढे खोटे होते. अक्षरे दिसू लागली ती मी बरा होत होतो म्हणून नव्हे, तर पुन्हा आजारी पडत होतो म्हणून. तालुक्याच्या डॉक्टरांनी मला हे शांतपणे सांगितले, तेव्हा मला प्रथम राग आला आणि मग लाज वाटली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दरम्यान एका दुकानातून घाईघाईने वाढीव नंबराचा चष्मा मी करून आणला होता. सहा आठवड्यांनी पाहतो तो जुनी चाळिशी डोळ्यांस बिनचूक बसलेली, आणि नवा चष्मा निरुपयोगी!

यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. मधुमेहाचे औषध नव्याने सुरू झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच अंधुक दिसू लागले, तर घाबरून औषध सोडू नये, डॉक्टरांस सांगावे. साखर स्थिर होऊन दीड-दोन महिने लोटेपर्यंत कायमचा चष्मा करण्याची घाई करू नये. तोवर वाहन चालविताना, जिना उतरताना आणि औषधावरील अक्षरे वाचताना दुसऱ्याची मदत घ्यावी. आणि येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. सर्वच अंधुकपणा निरुपद्रवी नसतो. मधुमेहाने डोळ्याच्या मागील पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्याही बिघडतात, आणि आरंभी त्याची यत्किंचितही जाणीव होत नाही. म्हणून प्रौढ वयात मधुमेह निघताच बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करवून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तशी करीत जावी. एकाच डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, डोळ्यांपुढे पडदा आला, काळे ठिपके अचानक तरंगू लागले किंवा डोळा दुखू लागला, तर तो हा चकवा नव्हे. त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

गेवराई तालुक्यात गोदावरीचे आणि जायकवाडीच्या कालव्याचे पाणी खेळते, शिवारात ऊस डोलतो. आणि पारावर बसणाऱ्या आम्हा समवयस्कांत आता 'शुगर' न निघालेला गडी शोधावा लागतो. गोळ्यांनी डोळे जातात, ही समजूत त्या पारावरही ऐकू येते. मी ती खोडून काढण्यासाठी वाद घालीत नाही. घरातून तो नवा चष्मा आणतो, सांगणाऱ्याच्या हाती देतो आणि तो घेण्यासाठी मी किती रुपये व किती दिवस वाया घालविले, ते सांगतो. मागल्याच महिन्यात एक जण तेवढे ऐकून, उशाखाली दडविलेल्या गोळ्या पुन्हा घेऊ लागला. परवा तो भेटला तेव्हा अक्षर अजून नीट लागत नसल्याची त्याची तक्रार होती. मी म्हटले, "चौथाच आठवडा आहे, दादा. थोडा दम धर."

टेकडीवरील देऊळ मला आता ओट्यावरून स्वच्छ दिसते. वर्तमानपत्रासाठी मात्र चाळिशी लावावीच लागते. साठीच्या माणसाने याहून अधिक काय मागावे?