पहाटेची थंडी आणि बाइकच्या विजेचा हिशेब

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे पाचला आमचे पेपरवाले काका बसस्टँडच्या कोपऱ्यावर बाइक धरून उभे. सेल्फ दाबला की नुसतं टकटक. गाडीला किक नाही. मागे अडीचशे पेपर बांधलेले आणि गारठा असा की तोंडातून वाफ निघतेय. आमचा भाग निफाडच्या पट्ट्यातला, हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली जातो. त्यात बाइकवरचा वारा वेगळाच. 8 अंश तापमानात ताशी 50 ने निघालात तर उघड्या कातडीला 3 अंशांइतकं गार लागतं.

काकांच्या मुलानं हौसेनं गाडीला गरम होणाऱ्या ग्रिपा बसवून दिल्या होत्या. सोबत दोन जादा एलईडी लाइट आणि मोबाइल चार्जर. सगळे म्हणाले, "बॅटरी बाद झाली." मला वाटतं बॅटरी बिचारी निर्दोष होती, हिशेब चुकला होता. आणि हा हिशेब शंभर वर्षांपासून लोकांचा चुकत आलाय. म्हणून आज थोडा इतिहास.

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलवर वीज फक्त ठिणगीपुरती असायची. 1897 साली जर्मनीत बॉशनं मॅग्नेटो गाडीवर बसवला, तो एका तीनचाकीवर. उजेडासाठी पुढं कार्बाइडचा दिवा. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, गॅस तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. ठिणगी वेगळी, उजेड वेगळा. विजेवर ओझंच नाही, त्यामुळे भांडणही नाही.

1914 मध्ये अमेरिकेतल्या इंडियन कंपनीनं (नाव इंडियन, कंपनी तिकडचीच) हेंडी स्पेशल नावाची गाडी काढली. विजेचे दिवे आणि चक्क सेल्फ स्टार्ट! काळाच्या कितीतरी पुढची कल्पना. पण बॅटऱ्यांना ते झेपेना, त्या उतरायच्या आणि गाडी उभी राहायची. वर्षभरात कंपनीनं तो प्रकार गुंडाळला. आमच्या काकांचं जे झालं, तेच 1914 मध्ये एका कारखान्याचं झालं होतं.

अंगाला विजेनं ऊब देण्याची कल्पना मात्र रस्त्यावरची नाही, आकाशातली. पहिल्या महायुद्धात वैमानिक उघड्या विमानात गारठायचे, तेव्हा तारा शिवलेले कपडे आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानातल्या जवानांना पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीसच्या थंडीत हेच सूट घालावे लागले. सुरुवातीच्या सूटमध्ये तारा दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या होत्या. एक तार तुटली की सगळा सूट थंड. पुढं हातमोजे, बूट, कोट यांची जोडणी वेगवेगळी केली, तेव्हा कुठं भरवसा आला.

हे तंत्र बाइकवर आणणाऱ्यांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले गॉर्डन गर्बिंग यांचं नाव येतं. 1970 च्या दशकात त्यांच्या वर्कशॉपमधले कामगार थंडीत मोटरसायकलवरून यायचे, त्यांच्यासाठी त्यांनी बाइकच्या बॅटरीवर चालणारे कपडे केले. म्हणजे ही गोष्ट सुरू झाली ती कामावर जाणाऱ्या माणसासाठी, लडाखच्या फोटोसाठी नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्याकडे या. जुनी चेतक किंवा लूना चालवलेल्यांना आठवत असेल, रात्री गाडी हळू केली की दिवा मिणमिणायचा. खड्डा दिसायला रेस द्यावी लागायची! कारण दिवा थेट इंजिनातल्या कॉइलवर चालायचा. इंजिन फिरेल तेवढा उजेड. राजदूत, येझदी 6 व्होल्टवर. 6 व्होल्टवर 60 वॅटचं काही लावलं तर तारेतून 10 अँपिअर जातात, 12 व्होल्टवर 5 च. करंट निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. जग 12 व्होल्टकडे वळलं ते यामुळे.

आणि बुलेटवर एक छोटं घड्याळ असायचं, अँमीटर. काटा अधिककडे म्हणजे बॅटरी भरतेय, उणेकडे म्हणजे खर्च होतेय. जुने बुलेटवाले त्या काट्याकडे बघून चालवायचे. जमाखर्च डोळ्यांसमोर. आजच्या बहुतेक बाइकवर मायलेज दिसतं, ब्लूटूथ दिसतं, हा काटा दिसत नाही.

काकांचा हिशेब मांडू. हॅलोजन हेडलाइट 35 वॅट. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींवर तो इंजिन चालू असेतो बंदच करता येत नाही. ग्रिपा 40, जादा लाइट 40, चार्जर 10. झाले 125. टेललाइट, इंडिकेटर, इंजिनाची स्वतःची गरज वेगळीच. छोट्या बाइकचा अल्टरनेटर पूर्ण वेगातसुद्धा हे जेमतेम पेलेल, आणि काका गल्लीबोळात दर दहा घरांना थांबतात. इंजिन हळू फिरतं तेव्हा जमा निम्म्याहूनही कमी. उरलेलं बॅटरीतून. 4 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 48 वॅट-तास. दर तासाला 60 वॅटची तूट धरली तरी तासाच्या आत खेळ खलास.

ज्या परदेशी गोल्डविंगवर लोक गरम जॅकेट घालून फिरतात, तिचा अल्टरनेटर हजार वॅटच्या पुढचा आहे. 350-400 सीसीच्या बाइकचा 200 च्या आसपास. पूर्ण गरम जॅकेट 75 ते 90 वॅट खातं, हातमोजे 25 च्या आसपास. म्हणून आधी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, मग खरेदी करा.

आणि उपाय आहेतच. बल्ब कंपनीच्याच एलईडीचा असेल तर वॅट वाचतात. जादा वस्तूची तार हेडलाइटच्या वायरीला पिळून जोडू नका, बॅटरीपासून वेगळी आणा, बॅटरीजवळच फ्यूज टाका आणि रिले लावून किल्लीबरोबर बंद होईल असं करा. फ्यूज काही रुपयांचा असतो, जळकी वायरिंग हजारोंची. शंभर-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर लावा. चालत्या गाडीवर 14 च्या आसपास दाखवला तर ठीक, 12.5 च्या खाली रेंगाळला तर काहीतरी बंद करा. छोट्या गाडीवाल्यांना सगळ्यात बरे ते स्वतःची बॅटरी असलेले हातमोजे. घरी चार्ज करा, गाडीवर भार शून्य.

काकांनी जादा लाइट काढले, ग्रिपा ठेवल्या. त्याही हायवेला लागल्यावरच चालू करतात. छातीशी स्वेटरच्या आत कालचा पेपर मात्र अजून असतो. त्याला वॅट लागत नाही.

आपल्या घरी पहाटे दूध आणि पेपर पोचवणारी माणसं याच थंडीतून येतात. त्यांच्यातल्या कुणी गाडीला असं काही लावलं असेल तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा. आणि गावातल्या वायरिंगवाल्या मिस्तरींनाही पाठवा.