करणारा आणि करविणारा

अंबरनाथचें शिवमंदिर कोणीं बांधलें, असें विचारतां शाळेंतला मुलगाहि 'शिलाहार राजांनीं' असें उत्तर देईल. मंदिरांतील संस्कृत शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत माम्वाणि राजाचें नांव आहे. परंतु वालधुनीच्या कांठीं छिन्नी चालली ती राजाच्या हातांत नव्हे. 'बांधलें' या क्रियापदानें आज्ञा देणारा आणि श्रमणारा एकच भासतो. हा भेद दाखविणारें क्रियापद मराठींत फार जुनें आहे, तें 'करविणें'.

'कृ' या धातूचें संस्कृत प्रयोजक रूप 'कारयति'. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखांत लेणें 'कारितं', म्हणजे करविलेलें, असेंच म्हटलें आहे. मराठी 'करविणें' यांतील 'व' मात्र निराळ्या वाटेनें आला. संस्कृतांत 'दापयति', 'स्थापयति' अशा रूपांत दिसणारा 'प' प्राकृत भाषांनीं इतर धातूंनाहि लावला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अशोकाच्या गिरनार येथील लेखांत 'लेखापिता' असें रूप आहे. पुढें दोन स्वरांमधील 'प'चा 'व' झाला आणि 'करविणें', 'बसविणें', 'हसविणें' ही क्रियापदें घडलीं.

श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायांशीं चामुंडरायाच्या नांवें 'करवियलें' हें रूप कोरलेलें आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. शेजारीं बाराव्या शतकांतील गंगराजाचें नांव असून, मूर्तीभोंवतालच्या आवारासाठींहि तेंच क्रियापद योजिलें आहे. दोघांचीं नांवें तृतीयेंत आहेत. पण ती तृतीया करणाऱ्याची नसून करविणाऱ्याची आहे.

व्यवहारांतहि हा भेद स्पष्ट आहे. गवंडी भिंत बांधतो. घरधनी ती गवंड्याकडून बांधवितो. आज बोलण्यांत 'बांधवून घेतो' हें रूप अधिक आढळतें. दोन्हींत 'कडून' किंवा 'करवीं' यांस जागा आहे, आणि तेथें खऱ्या कर्त्याचें नांव बसतें.

इतिहासलेखनांत मात्र 'राजानें मंदिर बांधलें' हेंच वाक्य रूढ झालें. अंबरनाथच्या भिंतींवरील मूर्तींची दाटी आणि पायऱ्या उतरून जावें लागतें तें खोल गर्भगृह पाहिलें, म्हणजे या वाक्यांतून किती माणसें गळालीं हें ध्यानांत येतें. त्यांचीं नांवें व्याकरण परत देऊं शकत नाहीं. परंतु 'करविलें' असें लिहिलें, तर 'कोणाकडून?' असें विचारण्यास तरी वाट राहते.