लहान आतडे

लहान आतडे : पचनमार्गाचा जठर आणि मोठे आतडे यांच्यामधला, सुमारे ६ मी. लांबीचा भाग. अन्न मुख्यतः जठरात पचते, असा समज रूढ आहे. पण अन्नाचे अखेरचे विघटन आणि पोषकद्रव्यांचे शोषण ही दोन्ही निर्णायक कामे लहान आतड्यातच होतात. जठरातून आंबट, पातळ लगदा थोडा थोडा खाली उतरतो. आतड्याच्या पहिल्या सुमारे २५ सेंमी. भागात त्याला पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतात. पित्तामुळे स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब होतात. स्वादुपिंडाचा रस आम्लता घालवतो आणि त्यातील विकरे पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ फोडतात. हा रस केव्हा स्रवावा, हेही बऱ्याच अंशी आतडेच ठरवते. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून रस झरू लागला. अस्तरातून रक्तात उतरणारे सिक्रीटीन हे संप्रेरक त्याला कारण होते.

पचनाचे निर्णायक काम लहान आतड्यात होते, यावर एक आक्षेप असा, की जठरात अन्न विरघळताना प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. अलेक्सिस सेंट मार्टिन याच्या पोटाला १८२२ मध्ये गोळी लागून कायमचे छिद्र राहिले. विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्यातून दोऱ्याला बांधलेले मांस आत सोडले आणि ते झिजत गेलेले पाहिले. निरीक्षण खरेच आहे. पण विरघळणे म्हणजे पचन पुरे होणे नव्हे. जठरात प्रथिनांचे तुकडे होतात, रक्तात जाण्याजोगी अमिनो आम्ले बहुतांशी पुढे आतड्यात मिळतात. १८९७ मध्ये झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली, तरी ती वर्षाहून अधिक काळ जगली. मग जठर निरुपयोगी म्हणायचे का? मुळीच नाही. ते अन्न साठवते, घुसळते, जंतू मारते आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारे प्रथिन पुरवते. म्हणूनच जठर काढलेल्या रुग्णाला बी-१२ बाहेरून द्यावे लागते. परंतु ते शोषणही लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच होते. जठर गेले, तर थोडे थोडे खाऊन माणूस जगू शकतो. लहान आतडे जवळजवळ सगळे काढावे लागले, तर मात्र बहुधा शिरेतूनच पोषण द्यावे लागते. पचनाचा खरा भार कोणावर आहे, याचा निवाडा या फरकातच होतो.